माहितीसंचय प्रतिकृतीकरण, समकक्ष जाळ्यांतील

एकच माहितीसंचय अनेक ठिकाणी प्रतींच्या रूपाने ठेवणे आणि त्यांपैकी कोणत्याही प्रतीत झालेला बदल इतर प्रतींपर्यंत पोहोचवून सर्वांत एकवाक्यता राखणे, या क्रियेला माहितीसंचयाचे प्रतिकृतीकरण म्हणतात. शोधणे, भर घालणे व दुरुस्ती करणे सुलभ व्हावे अशा रीतीने रचलेला नोंदींचा संग्रह म्हणजे माहितीसंचय होय. व्यवहारात त्यास डेटाबेस हा शब्द रूढ आहे. ज्या संदेशवहन जाळ्यात कोणताही एक संगणक मुख्य नसतो, सर्व घटकांचा दर्जा सारखा असतो व ते परस्परांशी थेट देवघेव करतात, त्याला समकक्ष जाळे म्हणतात. एखाद्या यंत्रात वा वस्तूत कायमचा बसविलेला व ठरावीक कामाकरिताच योजिलेला लहान संगणक म्हणजे अंतःस्थापित उपकरण. वीजमापक, हवामानाच्या नोंदी घेणारी साधने, इमारतींतील दिव्यांचे नियंत्रक, वन्य प्राण्यांच्या गळ्यात बांधण्याचे शोधपट्टे ही अशा उपकरणांची उदाहरणे आहेत. या उपकरणांच्या समकक्ष जाळ्यात माहितीसंचयाच्या प्रती कशा राखल्या जातात, तसे करताना कोणत्या अडचणी येतात व त्यांवर कोणते उपाय योजले जातात, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. [⟶ संगणक, संदेशवहन].

आवश्यकता : माहिती एकाच मध्यवर्ती संगणकात ठेवल्यास व्यवस्था सोपी होते, कारण कोणती नोंद खरी, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. परंतु त्या संगणकापर्यंतचा मार्ग बंद पडला की सर्व उपकरणांचे काम अडते व तो संगणक नष्ट झाल्यास माहितीही नष्ट होते. अरण्य, समुद्र, खाण, आपद्ग्रस्त प्रदेश यांसारख्या ठिकाणी मध्यवर्ती संगणकाशी अखंड संपर्क राहील असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी प्रत्येक उपकरणाने स्वतःच्या नोंदींबरोबर इतरांच्या नोंदींच्या प्रतीही बाळगल्या, तर एखादे उपकरण हरवले वा बिघडले तरी त्याने केलेले निरीक्षण शिल्लक राहते. तसेच उपकरणाला आपल्याजवळील प्रतीवरून तत्काळ निर्णय घेता येतो. या दोन लाभांच्या मोबदल्यात एक नवी अडचण स्वीकारावी लागते. ती म्हणजे, निरनिराळ्या प्रती परस्परांशी जुळत नसण्याचा काळ व्यवस्थेच्या आयुष्यात वारंवार येत राहतो.

उपकरणांच्या मर्यादा : मोठ्या संगणकांकरिता तयार केलेल्या पद्धती या उपकरणांना जशाच्या तशा लागू पडत नाहीत. संवेदक जाळ्यांच्या संशोधनात २००४ नंतर पुष्कळ वापरल्या गेलेल्या टेलॉसबी या उपकरणाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात सूक्ष्मप्रक्रियकाची कार्यकारी स्मृती १० किलोबाइट, आज्ञावलीकरिता ४८ किलोबाइट व नोंदी साठविण्याकरिता १ मेगाबाइट एवढीच जागा होती. त्याच्या रेडिओला केवळ ऐकत राहण्यास सु. २० मिलिअँपिअर विद्युत् प्रवाह लागे व हा प्रवाह प्रक्षेपणास लागणाऱ्या प्रवाहाहून कमी नव्हता. २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या विद्युत् घटांवर असा रेडिओ सतत चालू ठेवल्यास ते सु. ५ दिवसांत संपतील. म्हणून वर्षभर चालणे अपेक्षित असलेल्या उपकरणाचा रेडिओ बहुतेक वेळ बंद ठेवावा लागतो. याचा अर्थ असा की, या जाळ्यांत संपर्क तुटलेला असणे हा अपघात नसून ती नेहमीची अवस्था असते. शिवाय कमी शक्तीच्या रेडिओ संदेशवहनाच्या प्रचलित मानकानुसार एका संदेशखंडाची कमाल लांबी १२७ बाइट असते. त्यामुळे पाठवावयाचा प्रत्येक बाइट मोजूनमापून खर्चावा लागतो.

मूलभूत अडचण : जाळे दुभंगलेले असताना प्रत्येक उपकरण आपल्या प्रतीत बदल करू देत असेल, तर दोन्ही भागांतील प्रती भिन्न होणे अटळ आहे. प्रती भिन्न होऊ द्यावयाच्या नसतील, तर किमान एका भागाला संपर्क पुन्हा प्रस्थापित होईपर्यंत बदल नाकारावे लागतात. हा पेच २००० मध्ये एरिक ब्रूअर यांनी अनुमानाच्या स्वरूपात मांडला आणि २००२ मध्ये सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी त्याची गणिती सिद्धता दिली. या सिद्धतेनुसार जाळे दुभंगलेले असता सर्व प्रतींची तत्काळ एकवाक्यता आणि प्रत्येक घटकाची अखंड उपलब्धता या दोहोंची एकाच वेळी हमी देता येत नाही.

बँकेच्या खात्यासारख्या व्यवहारात एकवाक्यतेस प्राधान्य देऊन काही काळ सेवा थांबविणे एक वेळ चालते. अंतःस्थापित उपकरणांच्या बाबतीत मात्र बहुधा तसे करता येत नाही. तापमापकाने तापमान नोंदविण्यापूर्वी इतर उपकरणांच्या संमतीची वाट पाहिली, तर तो क्षण निघून जातो व निरीक्षण कायमचे गमावले जाते. म्हणून येथे ‘अंतिम एकवाक्यता’ हे सौम्य उद्दिष्ट स्वीकारण्यात येते. नवे बदल थांबले व उपकरणांचा परस्परांशी अधूनमधून संपर्क होत राहिला, तर कालांतराने सर्व प्रती सारख्या होतील, एवढीच हमी त्यात असते. त्या आधीच्या काळात उपकरणास मिळणारे उत्तर जुने असू शकते. हे जुनेपण कोठे चालेल व कोठे घातक ठरेल याचा निर्णय यंत्रणा उभारण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तो न घेतल्यास माहिती कोणाच्याही ध्यानात न येता नष्ट होते.

इतिहास : या विषयाचा प्रारंभ अंतःस्थापित उपकरणांच्याही पूर्वीचा आहे. अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यातील अनेक संगणकांवर एकाच माहितीसंचयाच्या प्रती ठेवण्याची पद्धत १९७५ मध्ये पॉल जॉन्सन व रॉबर्ट टॉमस यांनी वर्णन केली. प्रत्येक बदलावर कालमुद्रा, म्हणजे बदलाची वेळ व तो करणाऱ्या संगणकाचा क्रमांक, उमटविणे हे तिचे मुख्य सूत्र होते. या लेखातील कालमुद्रांचा विचार करतानाच लेस्ली लॅमपोर्ट यांना घटनांच्या क्रमाविषयीची आपली उपपत्ती सुचली व ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८३ मध्ये डी. एस. पार्कर व त्यांचे सहकारी यांनी आवृत्तिसदिशांची कल्पना मांडली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन डीमर्स व इतरांनी १९८७ मध्ये रोगाच्या साथीप्रमाणे माहिती पसरविणाऱ्या पद्धतींचा अभ्यास केला. तेथेच पुढे सुवाह्य संगणकांकरिता ‘बायू’ ही प्रणाली तयार झाली (१९९५). २००० नंतर स्वस्त सूक्ष्मप्रक्रियक व कमी शक्तीचे रेडिओ उपलब्ध झाल्यावर या कल्पना लहान उपकरणांकडे वळल्या. २०११ मध्ये मार्क शापिरो व सहकाऱ्यांनी संघर्षमुक्त प्रतिकृत माहितीप्रकारांची सुसूत्र उपपत्ती मांडून या विषयाला भक्कम गणिती पाया दिला.

कालक्रमाचा प्रश्न : एकाच नोंदीच्या दोन प्रतींत फरक आढळल्यास नंतरची प्रत ग्राह्य धरावी, हा नियम सर्वांत सोपा आहे. परंतु ‘नंतरची’ कोणती हे ठरविण्यासाठी सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. सामान्य क्वॉर्ट्‌झ स्फटिकाच्या कंप्रतेत दशलक्षात २० भाग इतकी चूक गृहीत धरल्यास दिवसाला सु. १·७ सेकंद व वर्षाला सु. १० मिनिटे एवढा फरक पडतो. विद्युत् घट बदलताना घड्याळ मूळ आरंभबिंदूवर गेल्यास चूक कित्येक वर्षांची होते. एखाद्या उपकरणाचे घड्याळ पुढे असेल, तर त्याने लिहिलेली जुनी नोंद इतरांच्या नव्या नोंदींवर मात करीत राहते. अशा वेळी यंत्रणा कोणतीही चूक दर्शवीत नाही. सर्व प्रती जुळतात, परंतु ज्या नोंदीवर त्या जुळतात ती चुकीची असते. म्हणजे केवळ एकवाक्यता साधल्याने सत्यता साधत नाही.

यावर उपाय म्हणून घड्याळातील वेळेऐवजी कार्यकारणक्रम वापरतात. लॅमपोर्ट यांच्या मते एक घटना दुसरीवर परिणाम करू शकत असेल, तरच पहिली दुसरीच्या ‘पूर्वीची’ असे निश्चितपणे म्हणता येते. दोन्ही घटना परस्परांच्या नकळत घडल्या असतील, तर त्या समवर्ती मानाव्या लागतात. हा भेद ओळखण्यासाठी नोंदीबरोबर आवृत्तिसदिश ठेवतात. त्यात प्रत्येक उपकरणाने त्या नोंदीत किती वेळा बदल केला याची संख्या असते. उदा., एका प्रतीचा सदिश क = ३, ख = ५, ग = २ व दुसरीचा क = ३, ख = ४, ग = २ असेल, तर पहिलीतील प्रत्येक संख्या दुसरीतील संख्येइतकी किंवा तीहून मोठी असल्यामुळे पहिली प्रत निःसंशय नंतरची ठरते. परंतु दुसऱ्या प्रतीत ग = ३ असते, तर ख च्या बाबतीत पहिली व ग च्या बाबतीत दुसरी पुढे आहे, असे दिसले असते. म्हणजे दोन्ही बदल परस्परांच्या नकळत झाले असून त्यांपैकी कोणताही टाकून देण्यास आधार नाही, हे त्यावरून कळते.

आवृत्तिसदिशाची लांबी उपकरणांच्या संख्येबरोबर वाढते. प्रत्येक उपकरणासाठी ८ बाइट धरल्यास १०० उपकरणांचा सदिश ८०० बाइटांचा होतो व वर उल्लेखिलेल्या मानकानुसार तो पाठविण्यास किमान ७ संदेशखंड लागतात. तेवढ्या खर्चात मूळ निरीक्षण अनेकदा पाठवून झाले असते. म्हणून लहान उपकरणांत शक्य तेथे प्रत्येक नोंदीचा लेखक एकच उपकरण असेल अशी रचना करतात. मग नोंद ओळखण्यास उपकरणाचा क्रमांक व त्याचा अनुक्रमांक एवढे पुरते आणि दोन लेखकांतील मतभेद उद्भवतच नाही.

प्रसाराच्या पद्धती : सर्वांत सोपी पद्धत पूरप्रसाराची होय. तीत उपकरण मिळालेला प्रत्येक नवा संदेश सर्व शेजाऱ्यांकडे पुढे पाठविते. ती विश्वसनीय असली, तरी एकच संदेश पुन्हापुन्हा ऐकला जात असल्यामुळे ऊर्जा व्यर्थ जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्लूटूथ मेश या मानकात संदेशाच्या उड्यांवर मर्यादा घालून व पूर्वी पाहिलेले संदेश लक्षात ठेवून पूरप्रसार आटोक्यात ठेवला आहे.

दुसरी पद्धत साथीच्या रोगाच्या प्रसारासारखी आहे. प्रत्येक फेरीत बातमी ठाऊक असलेले उपकरण यदृच्छया निवडलेल्या एका उपकरणास ती कळविते. माहीतगारांची संख्या प्रथम दर फेरीस जवळजवळ दुप्पट होत जाते. शेवटी मात्र ज्यांना बातमी ठाऊक नाही असे थोडे घटक शोधण्यात काही फेऱ्या खर्ची पडतात. बी. पिटेल यांनी १९८७ मध्ये दिलेल्या निष्कर्षानुसार १,००० घटकांना बातमी कळण्यास सु. १७ फेऱ्या लागतात. कोणीही प्रमुख नसताना व कोणाजवळही सर्वांची यादी पूर्ण नसतानाही ही पद्धत चालते, हे तिचे वैशिष्ट्य होय. डीमर्स व सहकाऱ्यांनी तिचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात बातमी शिळी झाल्याचे ध्यानात येताच ती सांगणे थांबविले जाते. हा प्रकार जलद व स्वस्त आहे, परंतु त्यात काही घटक वंचित राहण्याचा थोडा संभव असतो. दुसऱ्यात दोन उपकरणे आपापल्या संपूर्ण प्रती ताडून फरक दूर करतात. हा प्रकार सावकाश चालतो, परंतु त्यात कोणी सुटत नाही. व्यवहारात नेहमीच्या प्रसारास पहिला व अधूनमधून तपासणीस दुसरा, असा दोहोंचा मेळ घालतात.

लहान रेडिओ उपकरणांकरिता खास योजलेली पद्धत म्हणजे फिलिप लेव्हिस, नील पटेल, डेव्हिड कलर व स्कॉट शेंकर यांनी २००४ मध्ये मांडलेली ट्रिकल ही होय. तीत उपकरण ठरावीक कालावधीतील एका यदृच्छ क्षणी आपल्या प्रतीच्या आवृत्तीचा छोटा गोषवारा प्रक्षेपित करते. परंतु तोपर्यंत शेजाऱ्यांकडून तोच गोषवारा पुरेशा वेळा ऐकू आला असेल, तर ते गप्प राहते. सर्वत्र एकवाक्यता असेल, तर कालावधी दुप्पट करत नेतात. फरक आढळताच तो किमान मर्यादेवर आणतात. त्यामुळे शांततेच्या काळात फारच थोडे संदेश जातात व नवीन बदल मात्र झपाट्याने पसरतो. ही पद्धत २०११ मध्ये आंतरजालाच्या मानकदस्तऐवजांत समाविष्ट झाली आणि कमी शक्तीच्या जाळ्यांतील मार्गनिश्चितीच्या २०१२ च्या मानकातही तिचा उपयोग करण्यात आला.

फरक शोधणे : दोन उपकरणे भेटल्यावर आपापल्या सर्व नोंदी पाठवू लागली, तर बहुतेक श्रम वाया जातात, कारण बऱ्याचशा नोंदी दोघांकडेही असतात. प्रत्येक नोंदीचा लेखक एकच असेल, तर ‘क कडील ४१२ पर्यंत, ख कडील ९७ पर्यंत’ अशा स्वरूपाचा गोषवारा पुरतो. इतर बाबतींत राल्फ मर्कल यांनी १९७९ मध्ये सुचविलेला सारांकवृक्ष वापरतात. नोंदीतील मजकुरावरून ठरावीक गणिती क्रियेने काढलेल्या लहान संख्येस येथे सारांक म्हटले आहे. मजकूर किंचित बदलला तरी तो बदलतो. दोन-दोन नोंदींच्या सारांकांपासून एक सारांक, अशा दोन सारांकांपासून पुन्हा एक, याप्रमाणे शेवटी संपूर्ण संचयाचा एकच सारांक मिळतो. दोन उपकरणांचे हे शेवटचे सारांक जुळले, तर प्रती समान असल्याचे व्यवहारतः निश्चित होते. न जुळल्यास ज्या शाखेत फरक आहे तीच धरून खाली उतरतात. १,०२४ नोंदींपैकी भिन्न असलेली एक नोंद अशा रीतीने १० पायऱ्यांत सापडते.

मतभेदांचे निराकरण : समवर्ती बदलांचे काय करावयाचे हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. काही प्रणाली दोन्ही प्रती राखून निर्णय माणसावर सोपवितात. परंतु अंतःस्थापित उपकरणाजवळ बहुधा कोणी माणूस नसतो. बायू प्रणालीत प्रत्येक बदलाबरोबर तो लागू पडण्याची अट व ती न पुरल्यास काय करावे याची आज्ञावली जोडलेली असे. उदा., सभागृहाची एकच वेळ दोघांनी राखून ठेवल्यास दुसऱ्यास पर्यायी वेळ दिली जाई. मात्र एक प्रत प्रमुख ठरवून तिने शिक्कामोर्तब करेपर्यंत प्रत्येक आरक्षण तात्पुरतेच मानावे लागे.

संघर्षमुक्त माहितीप्रकारांत मतभेद मुळातच उद्भवू नये अशी माहितीची रचना करतात. याकरिता एकत्रीकरणाच्या क्रियेला तीन अटी पाळाव्या लागतात : प्रतींचा क्रम उलटल्याने, त्यांचे गट वेगळे पाडल्याने किंवा तीच प्रत पुन्हा मिळविल्याने निष्पत्ती बदलता कामा नये. साधा गणक या अटी पाळत नाही. क ने ४ व ख ने ३ वाहने मोजली आणि दोघांनी परस्परांची संख्या आपल्या संख्येत मिळविली, तर दोघांकडे ७ होतात. परंतु पुढच्या भेटीत पुन्हा बेरीज केल्यास १४ होतात. याउलट प्रत्येक उपकरणाने प्रत्येकासाठी स्वतंत्र रकाना ठेवला, फक्त स्वतःचा रकाना वाढविला आणि भेटीच्या वेळी प्रत्येक रकान्यातील मोठी संख्या स्वीकारली, तर कितीही वेळा व कोणत्याही क्रमाने भेटी झाल्या तरी रकान्यांची बेरीज ७ च राहते. येथे घड्याळाची, प्रमुखाची किंवा संमतीची गरज नाही व कोणाचीही मोजणी वाया जात नाही.

परंतु प्रत्येक गरज अशा रचनेत बसत नाही. ‘साठा शून्याखाली जाऊ नये’ किंवा ‘एकच दार एका वेळी उघडावे’ यांसारखी बंधने सर्वांचा मेळ घातल्यावाचून पाळता येत नाहीत. काही वेळा मर्यादेचे आगाऊ वाटप करून मार्ग काढता येतो. उदा., दहा नगांपैकी प्रत्येकी पाच नग देण्याचा अधिकार दोन उपकरणांना आधीच देऊन ठेवतात. जेथे तेही शक्य नसते, तेथे संपर्क होईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसते.

पुसलेल्या नोंदी : भर घालण्यापेक्षा पुसणे अवघड आहे, हे प्रथमदर्शनी अनपेक्षित वाटते. क ने एक नोंद पुसली व त्यानंतर दीर्घकाळ दूर राहिलेल्या ख शी त्याची भेट झाली असे समजू. ख कडे ती नोंद आहे, क कडे नाही. यावरून ती क ने पुसली आहे की ती त्याला अद्याप मिळालेलीच नाही, हे सांगता येत नाही. ती नवी समजून क ने स्वीकारली, तर पुसलेली नोंद पुन्हा जिवंत होते. म्हणून नोंद नुसती काढून न टाकता तिच्या जागी ती पुसल्याची खूण ठेवावी लागते. डीमर्स व सहकाऱ्यांनी या खुणेला मृत्यूच्या दाखल्याचे नाव दिले होते. दाखलाही नोंदीप्रमाणेच सर्वत्र पसरतो. तो सर्वांना मिळाल्याची खात्री झाल्याशिवाय टाकून देणे धोक्याचे असते, ही गोष्ट जॉन्सन व टॉमस यांच्या १९७५ च्या लेखातही ध्यानात घेतलेली होती. परंतु एखादे उपकरण कायमचे नष्ट झाले असेल, तर ती खात्री कधीच होत नाही व दाखल्यांनी स्मृती भरत जाते. ठरावीक मुदतीनंतर दाखले टाकून देणे आणि त्याहून अधिक काळ दूर राहिलेल्या उपकरणाने आपली जुनी प्रत सोडून नव्याने प्रत घ्यावी असा नियम करणे, हा व्यवहार्य तोडगा होय. मात्र त्या उपकरणाने एकांतात केलेली व इतर कोणाकडेही नसलेली निरीक्षणे जुन्या प्रतीबरोबर फेकली जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी लागते.

साठवण : या उपकरणांतील फ्लॅश स्मृतीत नोंद लिहिता येते, परंतु लिहिलेली जागा पुन्हा वापरण्यापूर्वी संपूर्ण खंड पुसावा लागतो व प्रत्येक खंड ठरावीक वेळाच पुसता येतो. ही मर्यादा स्मृतीच्या प्रकारानुसार बहुधा १०,००० ते १,००,००० वेळा एवढी असते. त्यामुळे जुनी नोंद जागच्या जागी न बदलता प्रत्येक बदल रोजकीर्दीप्रमाणे शेवटी लिहीत जातात. ही रचना प्रतिकृतीकरणासही सोयीची आहे. कारण शेजाऱ्यास अमुक क्रमांकानंतरची पाने द्यावयाची, एवढेच काम उरते. लिहिताना वीज गेल्यास अपुरी राहिलेली शेवटची नोंद ओळखता यावी म्हणून प्रत्येक नोंदीला तपासणीअंक जोडतात.

झेब्रानेट : या तत्त्वांचा प्रत्यक्ष कस लावणारा एक प्रारंभीचा प्रयोग म्हणून अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या झेब्रानेट प्रकल्पाचा उल्लेख करता येईल. त्याची रूपरेषा मार्गारेट मार्टोनोसी व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली आणि जानेवारी २००४ मध्ये केन्यात झेब्र्यांच्या गळ्यात शोधपट्टे बांधून चाचणी घेण्यात आली. प्रत्येक पट्ट्यात उपग्रहांच्या साहाय्याने स्थान ठरविणारा ग्राही, सूक्ष्मप्रक्रियक, फ्लॅश स्मृती, रेडिओ व सौर विद्युत् घट होते. विस्तीर्ण माळरानावर स्थिर तळकेंद्रे उभारणे शक्य नव्हते. संशोधकांचे वाहन अधूनमधून फिरेल तेवढाच तळकेंद्राशी संपर्क व्हावयाचा होता. म्हणून दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे परस्परांच्या नोंदींची देवघेव करीत. यामुळे वाहनाच्या टप्प्यात एकच झेब्रा आला तरी त्याच्याकडून इतर अनेकांच्या हालचाली कळू शकत. पट्टा हरवला किंवा प्राणी मारला गेला तरी त्याच्या नोंदी इतरत्र शिल्लक राहण्याचा संभव होता.

या प्रकल्पात नोंद सर्व शेजाऱ्यांना देण्याच्या पद्धतीची तुलना पूर्वी तळकेंद्राशी ज्याचा संपर्क अधिक वेळा झाला आहे अशाच शेजाऱ्यास ती देण्याच्या पद्धतीशी करण्यात आली. पहिलीत नोंद पोहोचण्याचा संभव अधिक असला, तरी तिला स्मृती व ऊर्जा अधिक लागते. तळकेंद्राकडे पोहोचलेल्या नोंदी पुसता याव्यात म्हणून त्यांच्या याद्याही पट्ट्यांमध्ये पसरविण्याची योजना होती. प्रत्येक स्थाननोंद एकाच पट्ट्याने लिहिलेली असल्याने व ती पुढे कधीही बदलत नसल्याने मतभेद मिटविण्याचा प्रश्न तेथे उद्भवत नव्हता. माहितीचे स्वरूप योग्य निवडल्यास अवघड भाग कसा टळतो, हे यावरून दिसून येते.

सुरक्षितता : समकक्ष जाळ्यात प्रत्येक घटक दुसऱ्याच्या नोंदी वाहून नेत असल्यामुळे वाहकावर विश्वास कितपत ठेवावा हा प्रश्न येतो. नोंदीवर मूळ लेखक उपकरणाची अंकीय स्वाक्षरी असेल, तर वाहकाने केलेला फेरफार उघड होतो. परंतु वाहकाने नोंद दडवून ठेवल्यास ते स्वाक्षरीवरून कळत नाही. त्यावर अनेक मार्गांनी प्रसार हाच उपाय आहे. काही घटक जाणूनबुजून निरनिराळ्यांना निरनिराळी माहिती देत असल्यास काय करावे, याचा विचार लॅमपोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक व मार्शल पीस यांनी १९८२ मध्ये केला. स्वाक्षरी नसलेल्या संदेशांच्या बाबतीत एक तृतीयांशापेक्षा कमी घटक दुष्ट असतील तरच उरलेल्यांचे एकमत होऊ शकते, असे त्यांनी दाखविले.

प्रतींची संख्या वाढल्याने माहिती हरविण्याचा धोका कमी होतो, परंतु ती उघड होण्याचा धोका वाढतो. एक उपकरण चोरीस गेले, तरी त्यातील सर्वांच्या नोंदी परक्याच्या हाती पडतात. वीजमापकाच्या नोंदींवरून घरात माणसे केव्हा असतात हे समजू शकते, तर पट्ट्यातील स्थाननोंदींवरून दुर्मिळ प्राण्याचा माग शिकाऱ्यास लागू शकतो. अशा नोंदी वाहकालाही वाचता येणार नाहीत, अशा रीतीने गुप्तलेखनात ठेवणे इष्ट असते. एकदा पसरलेली प्रत परत बोलावता येत नाही, हे ध्यानात घेऊन मुळात कोणती माहिती पसरू द्यावयाची याचा निर्णय आधीच करणे आवश्यक ठरते.

उपयोग व मूल्यमापन : इमारतींतील दिव्यांचे व तापमानाचे नियंत्रण, संवेदक जाळ्यांतील आज्ञावली व मापनघटकांचे नूतनीकरण, वन्य प्राण्यांचा अभ्यास, दूरसंचार खंडित झालेल्या प्रदेशातील माहितीची देवघेव या क्षेत्रांत प्रस्तुत पद्धती उपयोगी पडतात. जेथे मध्यवर्ती संगणकाशी खात्रीचा संपर्क उपलब्ध आहे, तेथे त्यांच्यामुळे गुंतागुंत विनाकारण वाढते. त्यांची निवड करताना तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळवावी लागतात : एकाच नोंदीत अनेक उपकरणे बदल करणार आहेत काय, जुने उत्तर मिळाल्यास हानी किती, आणि परत न येणाऱ्या उपकरणाची वाट किती काळ पाहावयाची. पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर काम पुष्कळ सुकर होते. उरलेल्या दोहोंची उत्तरे गणिताने मिळत नाहीत. माहिती कशासाठी गोळा केली जात आहे, यावरूनच ती ठरतात.